कौल

कोणी माझी सही मागितली की आपण एकदम मोठे झालो आहोत असे मला अजूनही वाटते. लहानपणी आमच्या घरात सही ही फक्त वडिलांची वस्तू होती. प्रगतिपुस्तकावर त्यांची, मनीऑर्डरीच्या फॉर्मावर त्यांची, सोसायटीच्या कर्जरोख्यावरही त्यांचीच. आईची सही मी उभ्या जन्मात दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा तिने ती आधी पाटीवर गिरवून घेतली होती. तेव्हा १९९६ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानाच्या दारात एका अनोळखी तरुणाने, आपण परीक्षेला नेतो तसले पॅड माझ्यापुढे धरून, "बाई, एक कायदा करायचा आहे, सही देता का?" असे विचारले, तेव्हा मी दुधाचा कॅन हातात घेऊन तशीच उभी राहिले.

कायदा करायचा आहे! जसे काही पापड करायचे आहेत, शेजारणींनी जरा हात लावावा.

"कसला कायदा?" मी विचारले.

"आजारी माणसांना गांजा मिळावा असा."

मी त्याला पुन्हा विचारले. तो पुन्हा तेच म्हणाला. आमच्या गावात गांजा हा शब्द बायकांच्या तोंडी येत नसे. मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत उतरलेले बैरागी चिलमीला ओली छापी गुंडाळून झुरके मारीत. तिकडून जाताना आई आमचे हात घट्ट धरून भराभर पावले उचली. एखाद्याचे घर बुडाले, शेत सावकाराकडे गेले, की त्याचे कारण चार अक्षरांत सांगून होई: गांजेकस. महाशिवरात्रीला भांग घोटणारे मात्र सभ्य समजले जात. एकाच झाडाच्या पानांना एक न्याय आणि तुऱ्यांना दुसरा, हा भेद पुढे १९८५ च्या आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यातही शिरला आहे.

मी इथली नागरिक नाही, माझ्या सहीचा तुला उपयोग नाही, असे मी त्या मुलाला सांगितले. त्याने हसून आभार मानले आणि तो माझ्यामागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे वळला. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, एक शब्द न विचारता सही केली, आणि पिशव्या उचलून ते चालू लागले. त्यांच्या घरी कोण आजारी होते कोणास ठाऊक.

नागरिकांनीच कायद्याचा मसुदा लिहावा, सह्या जमवाव्या आणि तो थेट मतपेटीत घालावा, ही रीत अमेरिकेत पहिल्यांदा स्वीकारली ती साउथ डकोटा राज्याने, १८९८ साली. कॅलिफोर्नियात ती १९११ मध्ये आली. त्या काळी सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी तिथे इतकी बलाढ्य होती की विधिमंडळ तिच्या खिशात आहे असे लोक उघड म्हणत. हायरम जॉन्सन नावाचे वकील 'रेल्वेला राजकारणातून हाकलीन' असे गावोगाव सांगत फिरले आणि गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत १० ऑक्टोबर १९११ रोजी लोकांनी मते देऊन हा अधिकार घटनेत घातला: आमदार करीत नसतील तर लोकांनी करावे. त्याच दिवशी, त्याच मतदानात, तिथल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. तो मात्र अगदी निसटत्या मतांनी. रेल्वेला बाहेर काढताना पुरुषांचा हात सढळ होता, बायकांना आत घेताना आखडला, असे मी आमच्या 'ह्यां'ना सांगते, की हे वर्तमानपत्र थोडे वर धरतात.

पुढे मी नागरिक झाले. २०१६ साली गांजाचा प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर आला तेव्हा माझा थोरला भाऊ आमच्याकडे राहायला आला होता. दादा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. कागद दिसला की त्याचा चेहरा खुलतो. टपालाने मतदारांची पुस्तिका आली ती त्याने माझ्याआधी हातात घेतली. इथे सरकार मतदारांच्या घरोघर असली पुस्तिका पाठवते. तीत प्रत्येक प्रस्तावाचा मूळ मसुदा असतो, सरकारी खर्चाचा अंदाज असतो, बाजूने पाचशे शब्द, विरुद्ध पाचशे शब्द, आणि मग एकमेकांना अडीचशे-अडीचशे शब्दांत उत्तर. त्या वर्षी सतरा प्रस्ताव होते आणि पुस्तिका २२४ पानांची. फाशी रद्द करावी असा एक प्रस्ताव, फाशी लवकर व्हावी असा दुसरा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे दोन, आणि ६४ क्रमांकाचा गांजाचा.

"बायो, हे सगळं मतदार वाचतात?"

"कोणी कोणी वाचतात."

"आणि आमदार काय करतात?"

"तेही वाचतात," मी म्हटले. "त्यांनाही मत असतंच ना."

मग दादाने सह्यांची चौकशी सुरू केली. मागच्या गव्हर्नराच्या निवडणुकीत जेवढी मते पडली त्यांच्या शेकडा पाच सह्या हव्यात. २०१६ साली तो आकडा ३,६५,८८० होता. मुदत १८० दिवस. अर्जाची फी वर्षानुवर्षे दोनशे डॉलर होती, ती त्याच वर्षी दोन हजार झाली; प्रस्ताव मतपत्रिकेवर चढला तर ती परत मिळते. सह्या इतक्या प्रचंड असतात की एकेक कोण तपासणार? म्हणून प्रत्येक जिल्ह्यात शेकडा तीन किंवा पाचशे, यांतला जो आकडा मोठा तेवढ्या सह्या चिठ्ठ्या काढाव्या तशा काढून तपासतात. "शितावरून भाताची परीक्षा," दादा खूश होऊन म्हणाला. सह्या गोळा करणारे पुष्कळदा भाडोत्री असतात आणि दर सहीमागे त्यांना दाम मिळतो हे कळल्यावर मात्र तो जरा वेळ गप्प बसला. त्याच्या कचेरीत अकरा सह्यांच्या अर्जातही एकाच हाताचे वळण त्याने अनेकदा पकडले होते.

आणखी एक गोष्ट त्याला फार महत्त्वाची वाटली. मसुदा कोणीही लिहिला तरी त्याचे शीर्षक आणि शंभर शब्दांतला सारांश राज्याच्या अॅटर्नी जनरलचे कार्यालय लिहिते, आणि बहुतेक मतदार वाचतात ते तेवढेच. त्या वेळी हे पद कमला हॅरिस यांच्याकडे होते.

"म्हणजे खरा गुरव तोच," दादा म्हणाला. "गाऱ्हाणं तो घालणार."

कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गावात काही अडले की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, भोवतालचे लोक "होय महाराजा" म्हणतात आणि मग सगळे श्वास धरून बसतात. उजवी पाकळी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार. डावा कौल आला म्हणून कोणी देवाशी भांडत नाही. मानकरी आपसांत कुजबुजतात, प्रश्न थोडा फिरवतात आणि पुन्हा विचारतात. लग्न यंदा करावे का? नाही. बरे, पुढच्या वैशाखात? त्याला देव बहुधा राजी असतो. आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमताचा कौल घेतला, तेव्हा विलीनीकरणाची खूण फूल होती आणि वेगळे राहण्याची खूण दोन पाने. फूल हरले. पण तो प्रश्न दिल्लीने विचारला होता, संसदेचा कायदा करून. इथे प्रश्न विचारणारा दुकानाच्या दारात पॅड घेऊन उभा असतो.

कॅलिफोर्नियात गांजाचे गाऱ्हाणे पहिल्यांदा घातले ते १९७२ साली. प्रौढ माणसाने स्वतःपुरता गांजा बाळगला तर तो गुन्हा नसावा, एवढेच मागणे होते. तीन मतदारांतल्या दोघांनी नाही म्हटले. मग चोवीस वर्षांनी प्रश्न फिरवला, आणि तो फिरवला तो कोणा चतुर वकिलाने नव्हे, तर मरणाने.

डेनिस पेरॉन हा सॅन फ्रान्सिस्कोतला गांजाचा जुना विक्रेता. तो साधुपुरुष नव्हता, तसे त्याने कधी भासवलेही नाही. त्याचा जोडीदार जोनाथन वेस्ट एड्सने खंगत चालला होता. त्या काळी त्या रोगावर आजच्यासारखी औषधे नव्हती. होती त्यांनी मळमळे, अन्न जाईना, आणि गांजाचे दोन झुरके घेतले की चार घास पोटात राहात. १९९० च्या जानेवारीत पोलिसांनी घरावर छापा घातला. वेस्टने न्यायालयात उभे राहून सांगितले की सापडलेला गांजा माझा, माझ्या दुखण्यासाठी ठेवलेला. खटला निकालात निघाला आणि थोड्याच दिवसांत वेस्ट गेला. पेरॉनने १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरापुरता प्रस्ताव मतदानाला घातला. शंभरातल्या एकोणऐंशी जणांनी होय म्हटले.

त्याच्याबरोबर एक म्हातारी होती, तिच्याविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मेरी रॅथबन जन्मभर हॉटेलात जेवण वाढण्याचे काम करणारी बाई. एकुलती एक मुलगी मोटार-अपघातात गेली होती. ही बाई घरी चॉकलेटच्या ब्राउनी, म्हणजे आपल्या खुसखुशीत वड्यांसारखा एक प्रकार, भाजून विकी आणि त्यांत गांजा घाली. १९८१ साली पकडली गेली, तेव्हा तिला समाजसेवेची शिक्षा झाली. ती सेवा करता करता ती एड्सच्या रुग्णांच्या वॉर्डात पोचली आणि शिक्षा संपल्यावरही तिथेच राहिली. आईबापांनी टाकलेल्या, सवंगड्यांनी टाकलेल्या त्या पोरांना ती 'माझी मुलं' म्हणे आणि फुकट वड्या वाटी. तिला आणखी दोनदा अटक झाली. सत्तरीच्या त्या आजीबाईला पोलीस नेत आहेत हे चित्र वर्तमानपत्रांत आले आणि सरकारी वकिलांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा ते भारी ठरले. २५ ऑगस्ट १९९२ हा दिवस सॅन फ्रान्सिस्कोने 'ब्राउनी मेरी'चा म्हणून जाहीर केला. दिवाळीचा फराळ करताना मला ती हटकून आठवते. डबे भरून कोणाकडे तरी पाठवल्याशिवाय चैन न पडणारी बाई जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखीच.

राज्याच्या विधिमंडळाने १९९४ आणि १९९५ साली रुग्णांना मोकळीक देणारी विधेयके मंजूर केली होती; गव्हर्नर पीट विल्सन यांनी दोन्ही परत पाठवली. तेव्हा आमदारांचा नाद सोडून पेरॉन आणि त्याचे सोबती सह्यांच्या मागे लागले. स्वयंसेवकांच्या बळावर आकडा पुरा होईना. मग जॉर्ज सोरोससारखे धनवंत पुढे आले, निवडणुका चालवणारे धंदेवाईक लोक आले, आणि सह्या पुऱ्या झाल्या. माझ्यापुढे उभा राहिलेला तो मुलगा स्वयंसेवक होता की भाडोत्री, मला कळायला मार्ग नाही. ऑगस्टमध्ये राज्याचे अॅटर्नी जनरल डॅन लंग्रेन यांच्या माणसांनी पेरॉनच्या केंद्रावर छापा घातला. त्यावर 'डून्सबरी' या प्रसिद्ध चित्रमालिकेत टोमणे येऊ लागले, तर लंग्रेनसाहेबांनी ती चित्रे छापू नका असे वर्तमानपत्रांना सांगितले. ज्यांनी ती पाहिली नव्हती त्यांनीही मग शोधून पाहिली. नोव्हेंबरात २१५ क्रमांकाचा प्रस्ताव शेकडा ५५.६ मतांनी मंजूर झाला. सारा कायदा जेमतेम एका पानाचा.

त्या पानामागे आपल्याकडचाही थोडा हात होता. मसुदा लिहिणाऱ्यांत टॉड मिकुरिया नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली हिंदुस्थानात गांजा-भांगेची चौकशी करायला एक कमिशन नेमले होते. त्याने अकराशे त्र्याण्णव साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल लिहिला. बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवाने यांनी आवर घालावा, असा त्याचा निष्कर्ष. तो अहवाल आपणही विसरलो आणि इंग्रजही विसरले. मिकुरियांनी १९६८ साली त्यावर लेख लिहून तो पुन्हा उजेडात आणला. दादाला हे सांगितले तर तो म्हणाला, "सात खंड? मग कोणी वाचलाच नसणार."

दरम्यान २०१० साली सरसकट मोकळिकीचा कौल पुन्हा डावा पडला होता; २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत तो उजवा पडला. दारूसारखेच नियम लावू, कर बसवू, असे तिथले गाऱ्हाणे होते. कोलोरॅडोच्या मसुद्यात तर गांजाच्या अबकारीतले दरसालचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या इमारतींना, असे कलमच होते. शाळेचे नाव घेतले की हात आखडत नाही, हे इथल्यांनाही ठाऊक आहे.

तर २०१६. आजाराची अट आता उरली नव्हती; एकवीस वर्षांवरील कोणीही एक औंस बाळगावा, घरी सहा झाडे लावावी, दुकानातून घ्यावा, सरकारने शेकडा पंधरा अबकारी घ्यावी. २१५ क्रमांकाचा मसुदा एका पानाचा होता, हा बासष्ट पानांचा. त्यामागे फेसबुकचे एकेकाळचे अध्यक्ष शॉन पार्कर यांचा पैसा होता. आणि विरोधकांत कोण उभा होता? डेनिस पेरॉन! त्याचे म्हणणे असे, की मौजेचा गांजा म्हणून काही नसतोच. ओढणारा प्रत्येक जण कळत-नकळत औषधच घेत असतो. आणि हा कायदा झाला तर धंदा बड्या कंपन्यांच्या घशात जाईल. पहिले म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्याविषयी हम्बोल्ट आणि मेंडोसिनोच्या डोंगरांतले छोटे बागाईतदार आज त्याची आठवण काढतात. भाव कोसळले, परवान्यांचा खर्च झेपेना, आणि चोरटा बाजारही संपला नाही.

मी होय म्हटले. गांजा ही भली वस्तू आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पुढे जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या नॅशनल अॅकॅडमीजनी मोठा अहवाल काढला. केमोथेरपीच्या मळमळीवर गांजातली द्रव्ये गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा त्यात आहे, आणि गांजा ओढणाऱ्यांत मनोविकार अधिक आढळतात हेही त्यातच आहे. पण मला निराळ्याच आकड्याने ओढले होते. गांजा ओढण्यात गोरे आणि काळे जवळजवळ सारखेच; जवळ बाळगल्याबद्दल पकडले जाण्यात मात्र काळ्यांचे प्रमाण पावणेचार पटीच्या घरात, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१३ साली देशभराचे आकडे मांडून दाखवले होते. बासष्ट पानांत कुठेतरी जुनी दोषपत्रे पुसण्याची सोय होती. मी त्या कलमाला मत दिले आणि बाकीची पाने त्याबरोबर आली. शेकडा सत्तावन्न मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. १ जानेवारी २०१८ ला दुकाने उघडली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पेरॉन वारला.

कौल उजवा पडला म्हणजे काम झाले, असेही नाही. गुरव कधी कधी गाऱ्हाण्यात आपलेच नाव घालतो. ओहायोत २०१५ साली एक प्रस्ताव आला, त्यात गांजा पिकवण्याच्या दहा जागा आधीच ठरवून टाकल्या होत्या, आणि त्या जागा मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांच्या. लोकांनी तो दणकून पाडला. आठ वर्षांनी तिथे सरळ प्रश्न विचारला, तेव्हा तो मंजूर झाला. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला शेकडा साठ मते लागतात. २०१४ साली रुग्णांच्या गांजाला ५७.६ मिळाली आणि तो हरला. ही साठची अट लोकांनीच २००६ साली घातली होती, आणि ती मंजूर झाली शेकडा ५७.८ मतांनी! ज्या साउथ डकोटाने ही रीत काढली, तिथे २०२० मध्ये लोक होय म्हणाले. न्यायालयाने एका प्रस्तावात अनेक विषय कोंबले म्हणून तो रद्द केला. २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा विचारले तर लोकच नाही म्हणाले.

पण दादाला आवडली ती मिसिसिपीची गोष्ट. मे २०२१ मध्ये मी ती त्याला फोनवर सांगितली तेव्हा तो करोनाच्या बंदीत घरात अडकून वैतागला होता. मिसिसिपीच्या घटनेत असे लिहिले आहे, की प्रस्तावाच्या सह्यांपैकी एक-पंचमांशापेक्षा जास्त कोणत्याही एका लोकसभा-मतदारसंघातल्या नसाव्यात. हे कलम लिहिले तेव्हा राज्यात पाच मतदारसंघ होते, त्यामुळे हिशेब चोख होता. २००० च्या जनगणनेनंतर एक मतदारसंघ कमी झाला. उरले चार.

"थांब," दादा म्हणाला. फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. "चार पंचमांश. म्हणजे पुऱ्या सह्या कधी भरणारच नाहीत!"

"न्यायालय तेच म्हणालं."

तिथल्या लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये रुग्णांच्या गांजाला भरघोस मतांनी होय म्हटले होते. विधिमंडळाने शेजारी स्वतःचा एक गुळमुळीत पर्याय ठेवला होता, तोही लोकांनी ओळखून बाजूला सारला. आणि १४ मे २०२१ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सारेच रद्द ठरवले. गांजा तर गेलाच, पण प्रस्ताव मांडण्याचा लोकांचा अधिकारही त्याबरोबर बुडाला, कारण चार मतदारसंघांत कोणत्याच प्रस्तावाच्या सह्या कधी वैध ठरणार नाहीत. विधिमंडळाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रुग्णांसाठी आपला कायदा केला खरा. अधिकार परत देण्यावर मात्र २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तिन्ही अधिवेशनांत दोन सभागृहांचे जमले नाही. फोनवर दादा पोटभर हसला. मग म्हणाला, "बायो, पण ज्यांच्या घरी माणूस अंथरुणावर असेल, त्यांना हा हिशेब कोणी समजावला असेल गं?"

माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे दुखणे मी जवळून पाहिले होते, त्यांच्यापुढेही असाच एक हिशेब होता. त्यांना २०१७ च्या अखेरीस कर्करोगाचे निदान झाले. केमोथेरपी सुरू झाली आणि अन्नावरची वासना गेली. फोडणीचा वास आला तरी त्या उठून जात. डॉक्टरांनी एक गोळी दिली, गांजातल्याच मुख्य द्रव्याची, प्रयोगशाळेत बनवलेली. ती १९८५ पासून केंद्र सरकारच्या मंजुरीने औषधाच्या दुकानात मिळते. पण गोळी पोटात टिकायला आधी पोट स्थिर हवे; अर्ध्या वेळा ती उलटीबरोबर बाहेर पडे. त्यांच्या घरापासून दोन मैलांवर नव्या कायद्याचे दुकान उघडले होते, काचेच्या दाराचे, आत दवाखान्यासारखे स्वच्छ. वॉर्डातल्या इतर बायका तिथून काही ना काही आणीत. वहिनी तिथे पाऊल टाकीनात. त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता.

वकिलाने त्यांना सांगितले ते असे. राज्याचा पोलीस तुम्हाला काही करणार नाही. पण नागरिकत्वाची मुलाखत घेणारा अधिकारी राज्याचा नसतो, केंद्राचा असतो, आणि केंद्राच्या १९७० च्या कायद्यात गांजा हेरॉइनच्याच यादीत बसवलेला आहे. त्याने शपथेवर विचारले तर खोटे बोलता येत नाही, आणि खरे बोलणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. (एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने हे लेखीच जाहीर केले, आणि गांजाच्या परवानाधारक धंद्यात नुसती नोकरी केली तरी अर्ज अडू शकतो अशी पुस्तीही जोडली. आमच्या मंडळातल्या एका मुलाला तसल्या कंपनीत हिशेबनिसाची चांगली जागा मिळत होती, ती त्याने सोडली.) राज्यातल्या शेकडा सत्तावन्न मतदारांनी होय म्हटले होते. त्यात माझेही एक मत होते. ते वहिनींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले.

त्यांच्या यजमानांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारले, "तुम्ही नागरिक आहात, तुम्ही आणलंत तर?" वहिनींनी आतून ऐकले. "कुणी आणायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाणारी मी आहे, शपथ माझी आहे." सहा वेळची केमोथेरपी त्यांनी आलेपाक, लिंबू आणि त्या अर्धवट टिकणाऱ्या गोळ्यांवर काढली. वजन अठ्ठावीस पौंडांनी उतरले. बांगड्यांना दोरा गुंडाळून त्या घालीत.

त्या बऱ्या झाल्या. २०१९ च्या शेवटी त्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, जरीकाठी साडी नेसून. त्यानंतर २०२० च्या नोव्हेंबरातली निवडणूक आली. करोनामुळे मतपत्रिका सगळ्यांच्या घरीच टपालाने आल्या होत्या. वहिनींनी मला फोन करून बोलावून घेतले. अंगणात सहा फुटांवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या स्टुलावर पुस्तिका. बारा प्रस्ताव होते.

"यात गांजाचं काही आहे का हो?" त्यांनी विचारले.

"या वर्षी नाही. डायलिसिसचं आहे, टॅक्सीवाल्यांचं आहे, घरभाड्याचं आहे."

"मग डायलिसिसचं आधी काढा," वहिनी म्हणाल्या. "सारांश नको. मागचा बारीक टाइपातला मसुदा वाचा. मोठ्यानं वाचा, मास्कमधून ऐकू येत नाही."